बिऱ्हाड पाठीवर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण फिरत्या नोकरीच्या माणसास लावतो. ज्यास स्वतःचे घर नाही, जो आज येथे तर उद्या तेथे, त्याच्या अंगावरच त्याचा संसार, असा तिचा रूढ अर्थ आहे. परंतु ज्याने विंचवीण प्रत्यक्ष पाहिली आहे त्यास ठाऊक असते, की तिच्या पाठीवर भांडीकुंडी नसतात. तेथे तिची पिले असतात. जन्मल्यापासून पहिली कात टाकीपर्यंत ती आईच्या पाठीवर दाटीवाटीने बसून प्रवास करतात. म्हणजे ही म्हण मुळात मुलाबाळांसह केलेल्या प्रवासाची आहे. मूल हेच बिऱ्हाड. बाकीचे सारे सामान त्या बिऱ्हाडाच्या सोयीसाठी.

इतिहास लिहिणाऱ्यांनी तह लिहिले, लढाया लिहिल्या, वंशावळी लिहिल्या. परंतु माणसांनी घर सोडताना गाठोड्यात काय बांधले, याची नोंद फार थोड्यांनी केली आहे. ही उणीव आम्हांस जाणवण्याचे कारण आमचे राहण्याचे ठिकाण आहे. रिसाली ही भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या कुशीत वाढलेली वसाहत. मूळचे छत्तीसगढी खेडे. कारखाना आला, शेजारी क्वार्टर्सच्या रांगा उठल्या आणि आता तर तिची स्वतंत्र महानगरपालिकाही झाली आहे. येथे आलेला जवळजवळ प्रत्येक जण दुसरीकडून आला, आणि वर्षातून एकदा तरी मुलांचे हात धरून तिकडे परत जात राहिला. मे महिना उजाडला की आळीतील दारांना एकामागून एक कुलपे लागावयाची. त्यामुळे ‘सामान बांधणे’ ही येथील मराठी कुटुंबांत एक स्वतंत्र विद्याच होऊन बसली. त्या विद्येचा पूर्वेतिहास थोडा शोधावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आमचे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे : प्रवासाचे सामान म्हणजे माणसाच्या मालमत्तेची यादी नव्हे, ती वाटेवरील उणिवांची यादी होय. वाट जे देत नाही ते आपण बांधून नेतो.

या दृष्टीने पाहिले म्हणजे जुन्या गोष्टींवरही निराळा प्रकाश पडतो. शिवछत्रपतींच्या लष्कराची शिस्त वर्णन करताना कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत आवर्जून सांगितले आहे, की मोहिमेवरील फौजेत बायका बरोबर नेण्यास मनाई होती. या नियमाकडे आपण नीतीच्या दृष्टीने पाहतो, व तो त्या दृष्टीने थोर आहेच. पण तो सामानाचाही नियम आहे. कुटुंब बरोबर नाही म्हणजे डेरे नाहीत, पालख्या नाहीत, मुलांसाठी दूधदुभते नाही, आणि म्हणून घोडा जेथे जाईल तेथे फौज जाईल. डोंगरी मुलखातील त्या चपळाईचे अर्धे रहस्य सोबत न नेलेल्या सामानात होते.

पुढे शंभर वर्षांच्या आत हेच गणित उलटले. १७६० च्या मार्च महिन्यात पटदुराहून सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेस निघाली, तेव्हा तिच्याबरोबर लढवय्यांखेरीज बुणगे, सरदारांची कुटुंबे आणि तीर्थयात्रेस निघालेली माणसे मोठ्या संख्येने होती. मथुरा, प्रयाग, काशी ही क्षेत्रे सैन्याच्या आश्रयाने घडतील, ही त्या भाविकांची आशा. स्वतः भाऊंची पत्नी पार्वतीबाई बरोबर होती. कुटुंबे आणि जड सामान मागे सुरक्षित ठिकाणी ठेवावे, आणि सड्या फौजेने गनिमी काव्याने लढावे, असा सल्ला सूरजमल जाट आणि मल्हारराव होळकर यांनी दिल्याचे बखरींतून सांगितले आहे. तो मानला गेला नाही. पानिपतावर अडकून पडल्यावर लढणाऱ्या एका तोंडामागे न लढणारी किती तोंडे होती, हे उपासमारीने सर्वांस शिकविले. आणि १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी जी दैना झाली तीत या निःशस्त्र माणसांचे हाल सर्वांत अधिक झाले. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. एकट्याने काशीस जाणे ज्या काळात जिवावरचे होते, त्या काळात लष्कर हीच त्यांची आगगाडी होती. पण ‘बाजारबुणगे’ हा शब्द मराठीत तेव्हापासून जो कडवटपणा घेऊन वावरतो, त्याच्या मुळाशी हे अवजड सामान आहे, हे विसरता येत नाही.

यानंतरचा एक प्रवासी आपल्यास चांगला परिचित आहे. कुलाबा जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे हे आपल्या चुलत्यांबरोबर १८५७ साली दक्षिणा मिळविण्यासाठी उत्तरेस निघाले आणि बंडाच्या वावटळीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाचे अनेक गुण सांगता येतील. आम्हांस मात्र तो वाचताना राहून राहून त्यांचे गाठोडे दिसते. मिळविलेले द्रव्य वाटेत पुनःपुन्हा लुटले गेले. जे द्रव्य मिळविण्यास ते निघाले ते फारसे हाती उरले नाही; पण आईबापांना स्नान घालण्यासाठी घेतलेली गंगेची कावड मात्र त्यांनी खांद्यावरून घरापर्यंत पोचविली. लुटारूंना पाण्याचे मोल नव्हते, गोडसेभटजींना ते होते. सामानाचे मोल वाहणाऱ्याच्या मनात असते, ही गोष्ट या कावडीइतकी दुसऱ्या कशानेही स्पष्ट होत नाही.

त्याच सुमारास, १८५८ च्या एप्रिलमध्ये, कर्नाटकातील गंगामूळच्या डोंगरावर अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी एक मुलगी जन्मास आली. तीच पुढे पंडिता रमाबाई म्हणून जगास ठाऊक झाली. ती सहा महिन्यांची असताना कुटुंबाने ते घर कायमचे सोडले. रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे, की आईने त्यांना वेताच्या एका मोठ्या पेटाऱ्यात ठेवले आणि माणसाच्या डोक्यावरून तो पेटारा डोंगराखाली आला. मुलाबाळांसह केलेल्या प्रवासाच्या इतिहासात आम्हांस याहून बोलके चित्र माहीत नाही. मूल सामानात नव्हते. मूल हेच सामान होते, आणि त्या माउलीने ते काळजीने बांधले होते.

त्यानंतरची कितीतरी वर्षे हे कुटुंब क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगत पायी फिरले. दुष्काळ आला तेव्हा प्रथम गाठीचा पैसा संपला, मग दागिने गेले, मग चांगली वस्त्रे गेली, मग तांब्यापितळेची भांडी गेली. सामान असे एकेक करून हलके होत गेले आणि १८७४ च्या सुमारास आईबाप दोघेही गेले. शेवटी उरले ते पाठ केलेले संस्कृत श्लोक. तेवढ्याच शिदोरीवर रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास १८७८ साली कलकत्त्यास पोचले, आणि तेथील पंडितांनी त्या विद्येचा गौरव केला. पेटाऱ्यातून उतरलेल्या त्या मुलीने पुढे १८८३ साली आपल्या दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन इंग्लंडला जाणारी आगबोट गाठली. मुलांना जे शिकविले जाते ते ओझे होत नाही व लुटलेही जात नाही, हे वाक्य सुभाषितासारखे वाटेल. पण डोंगरे कुटुंबाच्या बाबतीत ते केवळ घडलेल्या गोष्टीचे निवेदन आहे.

आता आगगाडीकडे वळू. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. मुंबईची लोहमार्गाची वाट १८६७ साली नागपूरपर्यंत आली. नागपूरच्या पूर्वेस मात्र अजून बैलगाडी व तांडे यांचेच राज्य होते. छत्तीसगढाशी मराठ्यांचा संबंध त्याहून जुना. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ पर्यंत रतनपुरास राहून कारभार पाहिला, आणि त्या काळापासून काही मराठी घराणी या मुलखात स्थायिक झाली. त्यांच्या सुना-लेकी माहेरी जावयाच्या त्या छकड्यांतून, मुक्काम करीत, जंगल तुडवीत. १८८० ते १८८२ या काळात नागपूर-छत्तीसगढ रेल्वेचा मीटरमापी रस्ता राजनांदगावपर्यंत आला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो आपल्याकडे घेऊन रुंदमापी केला व पुढे वाढविला. १९०० साली हावड्याशी सरळ जोड मिळाली. आठवड्यांची वाट एका रात्रीवर आली.

या रुळांवरील एक प्रवास मराठी साहित्याच्या इतिहासात नोंदला गेला आहे, आणि तो आमच्या दुर्गपासून अवघ्या तीस किलोमीटरवर असलेल्या राजनांदगावचा आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक हे नागपूरहून राजनांदगावास निघाले असता डब्यातील एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबलाचा ‘नवा करार’ वाचावयास दिला. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या घटनेने लक्ष्मीबाईंचा व लहानग्या दत्तूचा संसार कसा उन्मळला आणि पुन्हा कसा उभा राहिला, हे ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांस सांगावयास नको. घरून निघताना टिळकांच्या सामानात ते पुस्तक नव्हते. आपण किती विचारपूर्वक बांधले तरी वाट आपल्या सामानात स्वतःची भर घालते. आणि कधी कधी ती मूठभर वजनाची भर घराची दिशाच बदलते.

वाफेच्या इंजिनाच्या त्या काळातील कुटुंबाचे सामान आता आठवणीतून पुसट होत चालले आहे, म्हणून ते थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. कारण त्यातील प्रत्येक वस्तूमागे वाटेवरची एकेक उणीव उभी आहे. तिसऱ्या वर्गाचे बाक लाकडी पट्ट्यांचे, म्हणून वळकटी. गादी, चादरी, उशा आत घालून गुंडाळलेली, चामड्याच्या पट्ट्यांनी आवळलेली ही वळकटी मुलांची शय्या असे, दिवसा बैठक असे, आणि डब्यात जागा नसली म्हणजे दोन बाकांच्या मधल्या वाटेत तीच पलंग होत असे. स्टेशनावरील पाण्याचा भरवसा नाही. म्हणून फिरकीचा तांब्या, मातीची सुरई आणि खिडकीबाहेर टांगलेली कॅनव्हासची छागळ. छागळीच्या कापडातून पाणी झिरपते, वाऱ्याने त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणजे बाहेर लू जितकी कडक, तितके आतले पाणी थंड. इंजिनाचे कोळशाचे कण डोळ्यांत व कपड्यांवर यावयाचे. म्हणून मुलांना वाटेसाठी गडद रंगाचे जुनेच कपडे घालीत व उतरण्यापूर्वी एक स्टेशन आधी धुतलेले कपडे चढवीत. हे ‘उतरण्याचे कपडे’ सर्वांत वर ठेवलेले असत.

शिदोरीचेही तेच. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना कडक होत्या तेव्हा पाण्याऐवजी दुधात भिजविलेल्या पिठाच्या दशम्या प्रवासास चालत असत. आणि सोवळे सुटले तरी दशम्या सुटल्या नाहीत, कारण त्या मऊ राहतात व लहान मुलांस चावतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणीची कोरडी चटणी, गूळपापडीच्या वड्या, चिवडा. या सर्वांत एक गुण समान आहे : त्यांत पाण्याचा अंश कमी, म्हणून त्या टिकतात, आणि हाताने खाता येतात, म्हणून भांडी लागत नाहीत. उन्हाळ्यात कैरीच्या पन्ह्याचा गर बाटलीत आणि मुलांच्या खिशात एकेक कांदा. कांद्याने लू लागत नाही, हा समज होता. पन्ह्याने मात्र घामाबरोबर गेलेले मीठ-पाणी खरोखरच भरून निघते.

आणि ट्रंक. हिरव्या वा काळ्या रंगाची, कोपऱ्यांना पट्ट्या मारलेली, झाकणावर मालकाचे नाव व मुक्काम रंगविलेली पत्र्याची पेटी. तिचे सपाट झाकण हा केवळ सवयीचा भाग नव्हे. घोड्यांच्या गाड्यांच्या काळात युरोपात पेट्यांची झाकणे घुमटाकार असत, म्हणजे पाऊस निथळून जाई; आगगाडी व आगबोटी आल्या, पेट्या एकावर एक रचण्याची गरज पडली आणि १८५८ साली पॅरिसच्या लुई व्हितों याने सपाट झाकणाची ट्रंक बाजारात आणली. ज्या वर्षी गंगामूळच्या डोंगरावरून वेताचा पेटारा माणसाच्या डोक्यावरून उतरला, त्याच वर्षाची ही गोष्ट. आपल्याकडे पत्र्याच्या ट्रंकेस आणखी एक काम मिळाले : गर्दीच्या डब्यात ती मुलांचे आसन झाली. आमच्या पिढीतील कितीतरी जणांनी गोंदियापासून नागपूरपर्यंतचा मुलूख ट्रंकेवर बसून पाहिला आहे.

याच काळात आमची भिलाई जन्मास आली. सोव्हिएत संघाबरोबर कारखान्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. त्या दिवशी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. नागपूरचा माणूस भिलाईस नोकरीस आला तर तो आपल्याच प्रांतात आला, असे म्हणता येत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा येथील मराठी कामगार परप्रांतीय झालेला होता, आणि १ मे १९६० नंतर तर ‘महाराष्ट्र’ नावाचे राज्य डोंगरगडच्या पलीकडे बोरतलाव-दरेकशाच्या जंगलापाशी सुरू होऊ लागले. तो जेथे होता तेथेच होता. सीमा त्याच्या अंगावरून सरकली. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि एकाच घरातील आजोबा, वडील व मुलगा हे एकाच जिल्ह्यात राहून तीन निरनिराळ्या राज्यव्यवस्थांचे रहिवासी ठरले. लोखंडाच्या या गावात आणखी एक गंमत होती. येथील कारखाना रेल्वेचे रूळ तयार करतो. सुटीत गावी निघालेला कामगार आपल्याच हाताखालून गेलेल्या रुळांवरून मुलांना घेऊन जात असे.

दुर्ग ते नागपूर हे अंतर सुमारे २६५ किलोमीटर. नागपूरपासून मुंबई आणखी ८३७. या वाटेवर आमच्या आयाबायांनी जे शास्त्र बनविले, त्यास आम्ही ‘हातांचे गणित’ म्हणतो. आईबाप दोघे, म्हणजे हात चार. एक मूल कडेवर, एकाचे बोट धरलेले. म्हणजे दोन हात गेले. उरले दोन हात आणि एक खांदा. तेव्हा नग तीन, त्याहून अधिक नाही. चौथा नग निघाला की हमाल करावा लागे, आणि हमालाचे पैसे म्हणजे मुलांच्या खाऊचे पैसे. गाडी दुर्गला थांबावयाची थोडी मिनिटे. त्यासाठीही क्रम ठरलेला : प्रथम एक मोठे माणूस वर, मग मुले हातोहात, मग सामान, आणि सर्वांत शेवटी दुसरे मोठे माणूस; म्हणजे गाडी हललीच तरी कोणतेही मूल फलाटावर किंवा डब्यात एकटे राहू नये. नग मोजणे हे थोरल्या मुलाचे काम. चढताना, गोंदियास आणि उतरताना तो मोठ्याने मोजी. ते मोजणे ही त्याला सोपविलेली पहिली जबाबदारी असे, आणि ती सोपविली म्हणजे तो रडत नसे.

परंतु याच फलाटावर दुसरी एक माणसे आमच्या शेजारी उभी असत व आजही असतात, त्यांचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही. छत्तीसगढातील भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबे शेतीचा हंगाम सरला की वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर परमुलखात जातात. मागच्या शतकाच्या आरंभीच्या दुष्काळांपासून ही वाट मळलेली आहे. तेव्हा ती आसामच्या चहाच्या मळ्यांपर्यंत गेली होती. त्यांच्या गाठोड्यात तांदूळ असतो, भांडी असतात, अंथरूण असते, आणि कडेवर मूल असते. आमचे सामान महिन्याभराने परतावयाच्या घराचा एक तुकडा होते. त्यांचे सामान म्हणजे सबंध घर. आम्ही ‘सामान कमी कसे करावे’ याची चर्चा करतो ती ज्यांच्या घरी सामान मागे ठेवावयास जागा आहे त्यांची चर्चा होय. विंचवाच्या म्हणीचा खरा अर्थ फलाटावरील त्या माउलीस आमच्यापेक्षा अधिक कळतो.

वाट बदलत गेली तसे सामान बदलले. १९७४ साली तिसरा वर्ग नाहीसा झाला. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमची गादी घालण्यास त्यांच्या काळात आरंभ झाला; त्याच वर्षीच्या २६ डिसेंबरला वर्गविरहित अशी गीतांजली एक्स्प्रेस मुंबई-हावडा मार्गावर, आमच्याच रुळांवरून, धावू लागली. दंडवते यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना राजकारणाचे अभ्यासक अनेक गोष्टी सांगतील. आम्ही एवढेच सांगू, की त्या दोन इंच फोमने मराठी घरातील वळकटी माळ्यावर नेली. बाटलीबंद पाणी आले, सुरई गेली. विजेचे इंजिन आले, गडद कपडे गेले. पत्र्याच्या जागी साच्यातील प्लॅस्टिक आले आणि मग त्यास चाके फुटली. पेटीस चाके लावण्याची कल्पना अमेरिकेतील बर्नार्ड सॅडो याने १९७० च्या सुमारास पुढे आणली. माणूस चंद्रावर उतरून आल्यानंतर त्यास आपली पेटी ओढत नेण्याची युक्ती सुचावी, हे मानवी बुद्धीचे एक नवलच म्हटले पाहिजे.

येथे एक विचित्र गोष्ट घडली आहे. वाटेवरील उणिवा कमी झाल्या, तेव्हा आमच्या सिद्धान्ताप्रमाणे सामानही कमी व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात ते वाढले. याचे कारण चाके. पूर्वी ओझ्याचे माप खांदा घेत असे आणि खांदा खोटे बोलत नाही. चाकांनी वजन लपविले. ते पुन्हा प्रकट होते ते पुलाच्या पायऱ्यांवर, एका हातात पेटी व दुसऱ्या हातात झोपेला आलेले मूल असताना. रेल्वेचा नियम आजही शयनयान वर्गात माणशी ४० किलो सामान विनामूल्य नेऊ देतो, आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलास त्याच्या निम्मे. दोन मोठी व दोन तशी मुले यांच्या कुटुंबास कायद्याने १२० किलो नेता येतील. पण कायदा हात मोजीत नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. पूर्वी आपण वाटेची उणीव बांधीत होतो. आता आपण भय बांधतो. थंडी वाजली तर, पाऊस आला तर, मूल कंटाळले तर. या प्रत्येक ‘तर’ची एकेक पिशवी होते.

मग जुन्या विद्येतून आज घेण्यासारखे काय उरते? आमच्या मते तीन गोष्टी. पहिली, सामान वस्तूंप्रमाणे नव्हे, तर वेळेप्रमाणे बांधावे : वाटेचे एक, पोचल्या रात्रीचे एक, आणि मुक्कामाचे एक. वाटेच्या पिशवीत पाणी, खाऊ, औषध व एक जोड कपडे असले, की मुक्कामाची पेटी चालत्या गाडीत उघडावी लागत नाही. आणि रात्री उशिरा पोचलेल्या मुलास झोपवताना सारे सामान उपसावे लागत नाही. दुसरी, मोठ्याचे व मुलाचे कपडे निरनिराळ्या नगांत न ठेवता प्रत्येक नगात सर्वांचे थोडे थोडे ठेवावे. म्हणजे एक नग हरवला तरी कोणी उघडा पडत नाही. ज्या काळात वाटेवर लूट होई त्या काळातील हे शहाणपण आहे, आणि विमानाच्या काळातही ते खोटे ठरलेले नाही. तिसरी, प्रत्येक मुलास त्याचे स्वतःचे लहानसे गाठोडे द्यावे, त्यात काय घ्यावयाचे ते त्याने ठरवावे, आणि ते त्यानेच वाहावे. दगड भरले तर दगड वाहील. पुढच्या वर्षी भरणार नाही.

परंतु परमुलखातील मराठी कुटुंबाच्या सामानाचा खरा अर्थ जातानाच्या ओझ्यात नव्हता, येतानाच्या ओझ्यात होता. आमची मुले अंगणात छत्तीसगढी बोलत, शाळेत हिंदी बोलत, कारखान्याच्या या वसाहतीत शेजारच्या दारातून तेलुगू, बंगाली, मल्याळी ऐकत वाढली. हे त्यांचे भाग्यच होते. पण घरात आजीने विचारले तर उत्तर हिंदीतून येऊ लागले, तेव्हा आईबापांच्या मनात कालवाकालव होई. मे महिन्याचा तो प्रवास आप्तांच्या भेटीसाठी असे, तसाच तो भाषेच्या भरणीसाठी असे. परतताना ट्रंकेत गोडा मसाला, आमसुले, मेतकूट, कुळथाचे पीठ येई. आणि तळाशी, कपड्यांच्या खाली, मराठी बालवाचनमाला, मागील वर्षाचे दिवाळी अंक, आणि १९७३ नंतर ‘कालनिर्णय’ची आठवण काढून ठेवलेली चिठ्ठी, की पुढच्या वर्षाची प्रत कोणाबरोबर तरी पाठवावी. मसाला सहा महिन्यांत संपे. पुस्तके दारोदार फिरत. रिसालीतील एका घरी आलेला अंक चार घरी वाचला जाऊन पुढच्या दिवाळीपर्यंत पाने सुटून परत येई.

आमच्या घरच्या जुन्या ट्रंकेच्या झाकणाच्या आतल्या बाजूस वडिलांनी खळीने चिकटविलेला एक कागद अजून आहे. त्यावर सामानाची यादी आहे : मुलांचे कपडे, औषधाची डबी, सुईदोरा, कंदील, दोरी, टॉवेल, तिकिटे. पुढील वर्षांत काही ओळी खोडलेल्या आहेत. कंदील कधीच गेला. यादीच्या शेवटी मात्र एक ओळ न खोडता राहिली आहे : ‘जाताना चार बोटे जागा रिकामी ठेवणे.’ लहानपणी आम्हांस वाटे, की ही जागा आजीच्या लाडवांसाठी आहे. ती कशासाठी होती ते पुढे कळले. आता आमची नातवंडे त्या ट्रंकेच्या देशातही राहत नाहीत. त्यांच्या पेट्या विमानतळावर वजन करून घेतल्या जातात. गेल्या वेळी परत जाताना धाकट्या नातीची पेटी दोन किलो अधिक भरली. काय काढावे याचा खल बराच चालला. शेवटी तिच्या आईने चिवड्याचे डबे काढले आणि गोष्टींची पुस्तके राहू दिली. ट्रंकेवरची ती ओळ सुनेने कधी वाचली होती की नाही, हे आम्ही विचारले नाही. चिवडा आम्ही घरी खाल्ला.